लाप्लास ते सो: फ्रेंच उपनगरात रस्त्याला शास्त्रज्ञाचं नाव कसं पडतं

सगळ्यात आधी उच्चार. पॅरिसच्या दक्षिणेला दहा-एक किलोमीटरवर एक गाव आहे, फ्रेंचमध्ये त्याच्या नावाची स्पेलिंग सहा अक्षरांची पण म्हणायचं फक्त 'सो'. मी पहिल्यांदा तिकीट काढताना सहाच्या सहा अक्षरं तोंडातून काढायचा प्रयत्न केला होता, काउंटरवरची बाई सभ्य निघाली, हसली नाही, नकाशावर बोट ठेवून विचारलं हेच का म्हणून. तर या सो गावात एक शांत रस्ता आहे, नाव रू पिएर क्यूरी. 'रू' म्हणजे रस्ता. निळी पाटी, पांढरी अक्षरं, बाजूला घरं आणि बागा. फ्रान्समध्ये अशा पाट्या इतक्या आहेत की माणूस वर बघायचंच सोडून देतो. रू पास्तर, रू आंपेर, रू लाव्हाझिए, रू बर्तेलो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका कुणीतरी भिंतींवर लावून टाकलीये असं वाटतं.

मला वाटायचं यात समजून घेण्यासारखं काय आहे, मोठा माणूस होता, नाव दिलं, विषय संपला. मग कळलं की या रस्त्याचं जुनं नाव रू दे साब्लाँ होतं, म्हणजे रेतीच्या खाणींचा रस्ता, आणि पिएर क्यूरीच्या आईवडिलांचं घर याच रस्त्यावर होतं. लग्नाआधी पिएर इथेच राहायचा. २६ जुलै १८९५ ला त्याचं आणि मारीचं (आपण म्हणतो ती मादाम क्यूरी) लग्न लागलं ते याच गावाच्या नगरपालिकेत, ना चर्च ना अंगठी, मारीने गडद निळा ड्रेस घातला होता कारण तो नंतर लॅबमध्ये वापरता येईल, आणि लग्नाच्या आहेराच्या पैशातून घेतलेल्या सायकलींवर दोघं फिरायला निघाले. म्हणजे ही पाटी देशाच्या महापुरुषाची कमी आणि आपल्या गल्लीतल्या पोराची जास्त आहे. पाटीवर मात्र हे काहीच लिहिलेलं नाही, सहसा नसतंच, फार तर नावाखाली एक बारीक ओळ असते, 'भौतिकशास्त्रज्ञ, १८५९-१९०६' असली.

आता हे नाव देतं कोण ते आधी समजून घेऊ, कारण इथेच आपल्याकडच्या माणसाचा घोळ होतो. आपण उपनगर म्हटलं की अंधेरी-बोरिवली डोळ्यासमोर येते, एकच महानगरपालिका, एकच महापौर. पॅरिसचं तसं नाही. पॅरिस शहर म्हणजे रिंगरोडच्या आतलं तेवढंच, रिंगरोड ओलांडला की प्रत्येक उपनगर हे स्वतंत्र गाव, फ्रेंचमध्ये कोम्यून म्हणतात, त्याला स्वतःचा महापौर, स्वतःचं सभागृह, स्वतःचं बजेट. फुटपाथवरून चालताना एक गाव संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळत पण नाही, फक्त कचऱ्याच्या डब्यांचा रंग बदलतो. आणि रस्त्याचं नाव ठरवायचा अधिकार या छोट्या छोट्या नगरपालिकांचा, सरकारचा नाही. त्यामुळे होतं काय की शेजारशेजारच्या पाच गावांत पाच रू पास्तर असू शकतात आणि कायद्याने त्यात काहीच चूक नाही. म्हणून तिकडे पत्त्यात पोस्टाचा पाच आकडी कोड जीव की प्राण. नुसतं 'रू पास्तर, पॅरिसजवळ' सांगाल तर टॅक्सीवाला गाडी बाजूला घेऊन तुमच्याकडे बघत बसेल.

प्रक्रिया तशी सोपी आहे. नगरपालिकेच्या बैठकीत ठराव येतो, मतदान होतं, ठराव प्रीफेक्टकडे जातो (प्रीफेक्ट म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा सरकारचा माणूस, तो फक्त कायद्यात बसतंय का बघतो), मग पाटी लागते आणि नाव करखात्याच्या, पोस्टाच्या, अग्निशमनच्या यादीत चढतं. जिवंत माणसाचं नाव सहसा देत नाहीत, पॅरिस शहरात तर माणूस जाऊन पाच वर्षं व्हायला हवीत असा दंडक आहे. आणि २०२२ च्या एका कायद्याने आता अगदी लहान खेड्यांनाही प्रत्येक रस्त्याला नाव देणं सक्तीचं केलंय, आधी दोन हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांना सूट होती. कारण साधंच, ॲम्ब्युलन्स आणि इंटरनेटची केबल, दोघांनाही पत्ता लागतो. आपल्यासारखं 'मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या समोर, दुसरा मजला' तिथे चालत नाही, घराला नंबर हवा म्हणजे हवाच. नंबराची पद्धत नेपोलियनच्या काळातली, १८०५ ची, पॅरिसमध्ये सुरू झालेली, एका बाजूला विषम आकडे आणि एका बाजूला सम, मधेच नवीन घर उगवलं तर 'बिस' आणि 'तेर', म्हणजे आपलं १२अ, १२ब. खेड्यात तर अजून मजा, तिथे बऱ्याच ठिकाणी नंबर म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं मीटरमधलं अंतर, घर नंबर २५० म्हणजे अडीचशे मीटर आत. मला ही पद्धत फार आवडते, नंबर बघून कळतं पायी जायचं की नाही.

पण खरी गंमत प्रक्रियेत नाही, कुणाचं नाव निवडलं यात आहे. आणि ती बघायला पॅरिसमधून आर-ई-आर बी लाईन पकडून दक्षिणेकडे निघायचं. आपल्या लोकलसारखीच, सकाळी चिकटून उभं राहावं लागतं. मी काही महिने बूर-ला-रेनला एका खोलीत भाड्याने राहायचो आणि रोज याच गाडीने जायचो, तेव्हा स्टेशनांची नावं पाठ झाली, अर्थ फार उशिरा लागला.

रिंगरोड ओलांडला की जाँतीयी आणि त्याच्या पुढचं स्टेशन लाप्लास. फ्रेंचमध्ये 'ला प्लास' म्हणजे चौक, त्यामुळे नवख्याला वाटतं चौकाचं स्टेशन आहे. नाही, हा तोच लाप्लास, गणितवाला, ग्रहांच्या गतीचा हिशोब मांडणारा, इंजिनिअरिंगला ज्याच्या ट्रान्सफॉर्मने आपल्यातल्या निम्म्यांना रडवलं तो. गावाचं नाव आरकॉय. इथे आधी बर्तोले नावाचा केमिस्ट राहायला आला, कपडे पांढरे करायचं ब्लीच ज्याने बनवलं तो, फ्रेंच घरात आजही फरशी पुसायला ते लागतंच. मग १८०६ मध्ये लाप्लासने शेजारचंच घर घेतलं. सुट्टीच्या दिवशी पॅरिसमधले तरुण शास्त्रज्ञ इकडे यायचे, बर्तोलेने घरातच लॅब थाटली होती, प्रयोग करायचे, वाद घालायचे, जेवायचे. गे-ल्युसाक, बिओ, आरागो, जर्मनीहून आलेला हुंबोल्ट, कोण नव्हतं. याला आरकॉय सोसायटी म्हणतात, त्यांच्या चर्चांचे तीन खंड छापून आलेत. थोडक्यात सांगायचं तर त्या काळच्या विज्ञानाचा एक मोठा भाग एका गावातल्या दोन शेजाऱ्यांच्या अंगणात घडला. आज आरकॉयमध्ये आव्हन्यू लाप्लास आहे, रू बर्तोले आहे आणि रू कॉशी पण आहे. हा गणितज्ञ कॉशी इथे कसा आला? तर फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याच्या वडिलांनी कुटुंबाला पॅरिसमधून काढून आरकॉयला आणलं, पोरगा इथे वाढला आणि लाप्लासच्या नजरेत भरला.

आणि त्या रू कॉशीवर गणितज्ञापेक्षा भलताच माणूस गाजला. एरिक साती, संगीतकार, १८९८ पासून १९२५ ला मरेपर्यंत याच रस्त्यावरच्या एका खोलीत राहिला, खोलीत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही, आणि पॅरिसच्या दुसऱ्या टोकाला माँमार्त्रपर्यंत चालत जायचा. संगीतवाले लोक रू कॉशीला जातात ते सातीसाठी, कॉशी कोण हे त्यांना माहिती पण नसतं. अजून एक गोष्ट मला फार भारी वाटते, कॉशी कट्टर कॅथलिक आणि कट्टर राजेशाहीवाला, १८३० मध्ये राजा पळाला तर हाही नोकरीवर पाणी सोडून देश सोडून गेला, आणि आरकॉयमध्ये पुढे बरीच दशकं कम्युनिस्टांची सत्ता होती. (साती स्वतः तिथला पार्टी मेंबर होता!) तरी पाटी काढली नाही. गणिताला माफी असते बहुतेक.

पुढे बूर-ला-रेन. नावाचा अर्थ राणीचं गाव, क्रांतीत राणी चालणार नव्हती म्हणून काही वर्षं त्याचं नाव बूर-लेगालिते केलं होतं, समतेचं गाव. आपल्याकडे नाव बदललं की आठवडाभर टीव्हीवर भांडण चालतं, यांच्याकडे ही हौस दोनशे वर्षांपूर्वीची. इथे प्लास काँदोर्से आहे. काँदोर्से गणितज्ञ, निवडणुकीत मतं मोजायच्या पद्धतीत गणिती अडचण कुठे येते ते दाखवणारा, आणि क्रांतीचा समर्थक. त्याच क्रांतीने त्याच्यावर वॉरंट काढलं. महिनोन्महिने लपून राहिला, शेवटी पॅरिसमधून निघाला, जवळच्या क्लामार गावात पकडला गेला. असं म्हणतात की खानावळीत ऑम्लेट मागवलं, किती अंड्यांचं विचारलं तर म्हणाला डझनभर, सरदार घराण्यातला माणूस, अंडी कधी फोडली होती म्हणून माहीत असणार, तिथेच लोकांना संशय आला. गोष्ट रंगवलेली असेल पण सांगतात सगळे. २९ मार्च १७९४ ला तो बूर-ला-रेनच्या कोठडीत मेलेला सापडला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी केमिस्ट लाव्हाझिएची मान गिलोटिनखाली गेली. म्हणजे प्रजासत्ताकाने ज्यांचा जीव घेतला, त्यांचीच नावं पुढे त्याच प्रजासत्ताकाने गावोगावच्या रस्त्यांना दिली, रू काँदोर्से आणि रू लाव्हाझिए नसलेलं उपनगर शोधून काढायला लागेल. आणि हो, गाल्वा पण याच गावचा, जन्म १८११, वडील इथले महापौर, वय वर्षं वीस असताना द्वंद्वात गोळी लागून गेला, जाताना गणिताची एक अख्खी शाखा मागे ठेवून. मी राहायचो तिथून त्याच्या जन्मस्थानाची पाटी पाच मिनिटांवर होती आणि मी ती दोन महिन्यांनी वाचली.

आता हे सगळं ठीक आहे, आरकॉयला लाप्लास होता, सो ला क्यूरी होते. पण पास्तर, आंपेर, पास्काल, आरागो ही मंडळी हजारो गावांत थोडीच राहिली होती? मग त्यांची नावं सगळीकडे का?

इथे दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिलं राजकारण. १८७० नंतर फ्रान्समध्ये जे तिसरं प्रजासत्ताक आलं त्याचं आणि चर्चचं हाडवैर. शाळा चर्चच्या हातातून काढल्या, १९०५ मध्ये चर्च आणि सरकार कायद्याने वेगळे केले. रस्त्यांना तोवर संतांची नावं, सेंट अमुक सेंट तमुक. संत काढले तर त्या जागी कोण? तर शास्त्रज्ञ. तेही आयुष्यभर तपश्चर्या करणारे, लोकांचं भलं करणारे, फक्त देवाऐवजी प्रयोगशाळा. याचा सगळ्यात मोठा नमुना मार्सलँ बर्तेलो, केमिस्ट आणि मंत्रीसुद्धा, पक्का प्रजासत्ताकवाला. हा १९०७ मध्ये बायको गेली त्याच दिवशी काही वेळाने गेला, दोघांना एकत्र पॅंथिऑनमध्ये (पॅरिसमधली इमारत, देशाच्या थोरांना तिथे पुरतात) ठेवलं आणि गावोगाव रू बर्तेलो झाले. आज त्याने नक्की काय शोधलं ते त्या रस्त्यावर राहणाऱ्याला विचारा, सांगता येणार नाही, मलाही आठवून सांगावं लागेल. पण तेव्हाच्या नगरसेवकाला ते नाव म्हणजे झेंडा होता. पास्तरचं उलटं. तो स्वतः धार्मिक, पण त्याने रेबीजची लस दिली, त्यामुळे चर्चवाले खुश, चर्चविरोधी पण खुश, डावे-उजवे कुणालाच विरोध करता येईना. म्हणूनच माणसांच्या नावाच्या रस्त्यांमध्ये अख्ख्या फ्रान्सात तो पहिल्या दोन-तीनांत आहे, द गॉलच्या जोडीने. भांडण नको असेल तर पास्तर, हा तिकडचा सभागृहातला जुना तोडगा. (आपल्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा हाफकिन याच पास्तरच्या संस्थेतून आलेला, मुंबईत प्लेगची लस त्याने १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली.)

दुसरं कारण एकदम व्यवहारी, प्लॉटिंग. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये घरं मिळेनात, तेव्हा बिल्डर लोकांनी आजूबाजूची शेतं आणि जुन्या बंगल्यांची आवारं तुकडे करून विकली. हे आपल्याला समजावून सांगायला नको, एन.ए. नसलेले प्लॉट, रस्ता कागदावर, गटार नाही, पाणी नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. फ्रेंचमध्ये या फसलेल्या लोकांसाठी 'माल-लोती' असा शब्दच पडला, शेवटी १९२८ मध्ये सरकारला कायदा करून या वस्त्यांचे रस्ते-गटारं करायला पैसे द्यावे लागले. तर एका झटक्यात एकेका गावात वीस-पंचवीस नवे रस्ते तयार. एवढी नावं आणायची कुठून? बिल्डरने आधी आपल्या बायकोचं, पोरींचं नाव दिलेलं असायचं, खरंच, काही गल्ल्यांवर अजून कुणा अनोळखी बाईचं नाव दिसतं ते त्यामुळे. नगरपालिकेने रस्ते ताब्यात घेतले की थीम ठरवायची. इकडचा भाग फुलांचा, तिकडचा पक्ष्यांचा, पलीकडचा शास्त्रज्ञांचा. एकदा शास्त्रज्ञ ठरले की पुस्तक उघडून पटापट, आंपेर, आरागो, पास्काल, देनी पापँ, क्लोद बर्नार, झालं. थीमचा फायदा पोस्टमनला पण, नाव ऐकूनच गावाचा कुठला कोपरा ते कळतं. नंतर इंडस्ट्रियल एरिया आले तेव्हा तिथेही हीच युक्ती, रू आंपेर आणि रू देनी पापँ तर हमखास, विजेवाला आणि वाफेवाला, फॅक्टरीला शोभतात. त्यामुळे कुणी पत्ता दिला 'रू आंपेर' तर मी आधी विचारतो, घरं आहेत की गोडाऊन.

परत सो कडे येऊ, कारण राजकारणाचा पुढचा अंक क्यूरी कुटुंबातच आहे. १९ एप्रिल १९०६ ला पिएर पॅरिसमध्ये घोडागाडीखाली सापडून गेला, सो च्या स्मशानात त्याला आईशेजारी पुरलं. पुढच्या वर्षी मारी दोन्ही मुलींना आणि म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन सो ला राहायला आली, रू द्यु शमँ द फेर म्हणजे रेल्वेच्या रस्त्यावर, आणि रोज अर्धा तास गाडीने पॅरिसला जायची, तीच लाईन, आजची आर-ई-आर बी. शेजारच्या गावात, फाँतने-ओ-रोझला, पॉल लांजव्हाँ राहायचा, पिएरचा विद्यार्थी. काही शास्त्रज्ञ मित्रांनी मिळून आपल्या पोरांना घरीच शिकवायचं ठरवलं होतं, त्यात लांजव्हाँकडे गणित, आणि मारीची थोरली इरेन त्याच्याकडून गणित शिकली. पुढे १९११ मध्ये मारी आणि लांजव्हाँ यांच्या संबंधांवरून पेपरवाल्यांनी एवढा गहजब केला की सो च्या घराबाहेर लोक जमून ओरडायला लागले, तिला मुलींना घेऊन मित्रांच्या घरी आसरा घ्यावा लागला. त्याच महिन्यात तिला दुसरं नोबेल जाहीर झालं. पुढच्या वर्षी तिने सो सोडलंच.

आता बघा काळ काय करतो. लांजव्हाँ पुढे फॅसिझमविरोधी लढ्याचा मोठा चेहरा झाला, १९४० मध्ये जर्मनांनी त्याला अटक केली, जावई जाक सोलोमाँला १९४२ मध्ये गोळ्या घातल्या, मुलीला आउशविट्झला पाठवलं. १९४४ मध्ये तो कम्युनिस्ट पार्टीत गेला. इरेनचा नवरा फ्रेडरिक जोलिओ आधीच पार्टीत होता. युद्ध संपल्यावर पॅरिसभोवतालच्या कामगार वस्त्यांत, ज्याला लाल पट्टा म्हणायचे, तिथे कम्युनिस्ट नगरपालिका आल्या आणि त्यांना रस्त्यांसाठी आपले हिरो हवे होते. मग रू पॉल लांजव्हाँ, आव्हन्यू जोलिओ-क्यूरी, रू जाक सोलोमाँ अशा पाट्या लागल्या. एखाद्या उपनगरात पाट्या वाचत जा, नुसता पिएर क्यूरी दिसला तर जुनं प्रजासत्ताक, जोलिओ-क्यूरी आणि लांजव्हाँ शेजारी शेजारी दिसले तर १९४५ नंतरची लाल नगरपालिका, निदान माझा अंदाज दहापैकी आठ वेळा बरोबर येतो. आणि मारी क्यूरी आणि लांजव्हाँ यांच्या नावाचे रस्ते एकमेकांना छेदतात अशीही ठिकाणं आहेत, १९११ चे ते पेपरवाले असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

यातला माझा सगळ्यात आवडता पत्ता नाँतेरचा. फ्रेडरिक जोलिओने युद्धानंतर फ्रान्सचं अणुऊर्जा खातं उभं केलं, देशातली पहिली अणुभट्टी त्याच्या देखरेखीखाली १५ डिसेंबर १९४८ ला सुरू झाली, कुठे, तर फाँतने-ओ-रोझच्या जुन्या किल्ल्यात, सो पासून चालत जाण्याच्या अंतरावर. भट्टीचं नाव झोए. आणि १९५० च्या एप्रिलमध्ये सरकारने त्याला कम्युनिस्ट म्हणून त्या पदावरून हाकललं. (त्याच वर्षी जानेवारीत इरेन भारतात होती, कलकत्त्याला मेघनाद साहांच्या न्यूक्लिअर फिजिक्सच्या संस्थेचं उद्घाटन तिने केलं.) आज त्या पूर्ण जिल्ह्याचं सरकारी मुख्यालय, म्हणजे प्रीफेक्टची कचेरी, नाँतेरमध्ये आहे आणि शेजारी कोर्ट. दोघांचा पत्ता, आव्हन्यू जोलिओ-क्यूरी. सरकारने ज्याला काढलं त्याच्याच नावाच्या रस्त्यावर बसून सरकार सगळ्यांना पत्रं पाठवतंय.

बायकांचं काय हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. फार वाईट परिस्थिती आहे. लाव्हाझिएची बायको मारी-आन लॅबमध्ये बरोबरीने काम करायची, नोंदी ठेवायची, आकृत्या काढायची, पाटीवर नुसता लाव्हाझिए. आणि खुद्द मारीचं बघा. पॅरिसमध्ये रेडियम इन्स्टिट्यूट बांधली तो रस्ता पिएर गेल्यावर तयार झाला आणि त्याला नाव दिलं रू पिएर क्यूरी. मारी तिथल्या क्यूरी लॅबची प्रमुख. म्हणजे दोन नोबेल मिळवलेली बाई वीस वर्षं आपल्या लेटरहेडवर पत्ता लिहायची, १, रू पिएर क्यूरी. रोज नवऱ्याचं नाव. १९३४ मध्ये ती गेली आणि पाटीवर 'ए मारी' म्हणजे 'आणि मारी' हे दोन शब्द वाढवायला १९६७ उजाडलं. उपनगरांतल्या कित्येक पाट्या तर अजून नुसत्या पिएरच्या आहेत. आता नवीन रस्त्यांना नगरपालिका मुद्दाम बायकांची नावं देतात, पण जुनी पाटी बदलायला कुणी धजत नाही, कारण तिथल्या प्रत्येक माणसाला गाडीची कागदपत्रं, बँक, विमा, सगळीकडे पत्ता बदलावा लागतो आणि पुढच्या निवडणुकीत तो ते विसरत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पाटीवर सापडणार नाही. १९०४ मध्ये नोजाँ-सुर-मार्न या पूर्वेकडच्या उपनगरात रेडियम काढायचा कारखाना सुरू झाला, तेव्हा रेडियम म्हणजे चमत्कार, कॅन्सरवर औषध, घड्याळाच्या काट्यांना रंग, चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये सुद्धा घालायचे. कारखाना गेला, जागेवर शाळा बांधली, आणि शाळेला नाव काय दिलं असेल? क्यूरीचं. १९९८ मध्ये ती शाळा बंद करावी लागली, कारण जमिनीतून किरणोत्सारी रेडॉन वायू वर्गात येत होता. हे सोप्या भाषेत असं, रेडियम निम्मं व्हायला साधारण १६०० वर्षं लागतात, आणि ते संपता संपता रेडॉन तयार करत राहतं, रेडॉनला रंग नाही वास नाही, फटीतून वर येतो आणि बंद खोलीत साठतो. म्हणजे कारखाना दहा-वीस वर्षं चालला तरी त्याचा उरलेला कचरा शंभर पिढ्यांना पुरतो. बी लाईनवरच पुढे जिफ-सुर-इव्हेतला अशाच जुन्या कारखान्याच्या आवारात लोकांनी बंगले बांधले होते, आणि आरकॉयला, हो लाप्लासवाल्या आरकॉयलाच, क्यूरी लॅबची १९३० च्या दशकातली एक शाखा होती, ती बंद झाल्यावर भिंत, कुंपण आणि धोक्याच्या पाट्या, सफाईचं काम वर्षानुवर्षं. क्यूरी या नावाची तिथली खरी खूण ती, आणि तिच्यावर निळा रंग नाही.

सो ला परत उतरलात तर रू पिएर क्यूरी बघून स्मशानाकडे जा, चालत जाता येतं. पिएर आणि मारी आता तिथे नाहीत, २० एप्रिल १९९५ ला त्यांना पॅंथिऑनमध्ये हलवलं, आणि मारी तिथे स्वतःच्या कामासाठी गेलेली पहिली बाई, बर्तेलोची बायको आधी गेली होती पण नवऱ्याबरोबर. हलवताना मारीच्या लाकडी शवपेटीच्या आत शिशाचा थर सापडला. इरेन आणि फ्रेडरिक मात्र अजून सो लाच आहेत. त्यांची मुलगी एलेन स्वतः अणुशास्त्रज्ञ झाली, आणि तिने लग्न कुणाशी केलं, तर मिशेल लांजव्हाँशी, म्हणजे फाँतनेच्या त्या पॉल लांजव्हाँच्या नातवाशी. आडनाव लावते लांजव्हाँ-जोलिओ.